ताटातलं अतिक्रमण

आमच्या भाऊजींची सगळी नोकरी भूमिअभिलेख खात्यात गेली. साखळी, प्लेन टेबल आणि हद्दीचे दगड यांच्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस निवृत्त होतो, पण त्याच्या डोक्यातले बांध शाबूत राहतात. वर्तमानपत्राची पुरवणी मुख्य अंकात घातलेली त्यांना खपत नाही. मात्र त्यांची खरी कडक मोजणी चालते ती जेवणाच्या ताटात. वर मधोमध मीठ, डाव्या अंगाला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद. त्यांच्या लेखी हा कायम झालेला गावनकाशा. कोशिंबिरीचं पाणी ओघळून भाजीला लागलं की भाऊजी घास हातात धरून थांबतात आणि "अतिक्रमण झालंय" एवढंच म्हणतात. ताई निमूटपणे ताट बदलते.

हा माणूस मलेशियात जेवायला गेला. त्या देशातल्या खाण्याचा नियम एका वाक्यात सांगते. स्वयंपाकी सगळं सुटं सुटं करून देतो आणि एकमेकांत मिसळायचं काम खाणाऱ्यावर सोपवतो. जो मिसळत नाही, त्याने पैसे पूर्ण भरून पदार्थ अर्धाच खाल्ला.

बेत माझ्या भाचीचा. ती क्वालालंपूरला नोकरी करते आणि तिथल्या खाण्यावर पगारापेक्षा जास्त प्रेम करते. ताई, भाऊजी आणि मी असे तिघं तिच्याकडे उतरलो. ताई माळकरी, अंड्यालाही न शिवणारी. मी कोकणात दिलेली, त्यामुळे पाण्यात पोहणाऱ्या कशालाच नाही म्हणत नाही. भाऊजी सगळं खातात, पण प्रत्येक गोष्ट वेगळी आणि आपापल्या जागी. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि लाडू होते. ते वजन तसंच्या तसं परत आलं, हे आताच सांगून टाकते.

मलेशियात भेटणारा माणूस प्रकृतीची चौकशी करत नाही. "दाह माकान?" म्हणजे जेवलात का, असं विचारतो. त्यावर "हो" हे उत्तर कुणी मनावर घेत नाही. भाचीने आमच्यासाठी प्रेक्षणीय स्थळांची यादी केली होती. पण ती नीट वाचल्यावर लक्षात आलं, की दोन खाण्यांच्या मध्ये अन्न जिरावं म्हणून ही स्थळं घातलेली आहेत.

पहिली सकाळ कांपुंग बारूत. क्वालालंपूरच्या ऐन मध्यावर, साडेचारशे मीटर उंचीच्या पेट्रोनास मनोऱ्यांच्या सावलीत बसलेली ही जुनी मलय वस्ती. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी मलय लोकांना शेतीसाठी म्हणून ही जमीन दिली. आता शेती नाही, पण जमीन त्यांच्याचकडे आहे. तिथे एका माक चिकच्या, म्हणजे तिकडच्या मावशीच्या गाडीवर आम्ही नासी लमाक घेतलं. केळीच्या पानात बांधलेली, त्रिकोणी बुडाची पुडी. पान उलगडलं की आधी वास येतो तो नारळाच्या दुधात शिजलेल्या भाताचा आणि त्यात टाकलेल्या पांदानच्या पानाचा. भाताला वास यावा म्हणून कोकणात काही घरांच्या परसात हे पान लावलेलं असतं. भाताच्या एका कडेला काकडीच्या चकत्या, दुसऱ्या कडेला उकडलेल्या अंड्याची फोड, त्याशेजारी तळलेले शेंगदाणे आणि इकान बिलिस, म्हणजे कुरकुरीत तळलेली इवलीशी सुकी मासळी. माथ्यावर लालभडक सांबाल: मिरची, कांदा, चिंच, साखर आणि वाटलेल्या कोळंबीचा दर्प एकत्र मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतलेला.

भाऊजींचा चेहरा उजळला. "वा! प्रत्येक गटाला स्वतंत्र हद्द. याला म्हणतात आखणी." ते आधी काकडी संपवायला निघाले. तेवढ्यात भाचीने स्वतःच्या पानातला भात, सांबाल, मासळी, दाणे सगळं बोटांनी एकत्र केलं आणि घास घेतला. भाऊजींनी मान फिरवली. मी मात्र तिचं पाहून मिसळलं. भाताचा गुळगुळीत गोडवा, त्यावर सांबालचा आधी गोड आणि मग कानापर्यंत पोहोचणारा तिखटपणा, मध्येच दाण्याचा आणि मासळीचा खारट कुरकुरीतपणा, आणि शेवटी आग विझवायला काकडी. यातली प्रत्येक वस्तू एकटी खाल्ली तर साधी वाटते. भाऊजी तसंच खात होते आणि "ठीक आहे" म्हणत होते. सांबाल तर त्यांनी शेवटी नुसतं खाल्लं. त्यानंतर बराच वेळ ते काही म्हणाले नाहीत.

बोलते झाले ते जमिनीवर. इथल्या एकेका चिमुकल्या तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या वारसांची नावं चढत गेली आहेत आणि त्यामुळे पुनर्विकासाचं घोडं वर्षानुवर्षं अडलंय, हे भाचीच्या तोंडून ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सांबालमुळे आलं की सहानुभूतीने, ते सांगता येत नाही. "पोटहिस्से पाडले नाहीत वेळेवर," ते म्हणाले. माक चिकने त्यांच्या हातात आणखी एक पुडी ठेवली.

ताईची सोय लागली ती मामाकांकडे. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं. पुष्कळशी रात्रंदिवस उघडी. फूटबॉलचा सामना, परीक्षेचा अभ्यास आणि घरातलं भांडण या तिन्ही गोष्टी मलेशियन माणूस तिथेच मिटवतो. वेटरला हाक "बॉस" अशी मारायची. तिथली रोटी चनाई बघण्यासारखी असते. तेलात मुरवलेला मैद्याचा गोळा तो माणूस ओट्यावर थापतो, कडेला धरून हवेत भिरकावतो, आणि दोन-तीन फेऱ्यांत त्याचं तलम फडकं होतं, इतकं की पलीकडचं दिसावं. मग चारी बाजूंनी दुमडून चौकोन करून तव्यावर. भाजून झाली की ती गरम रोटी दोन तळहातांत धरून तो टाळी वाजवल्यासारखी चुरगाळतो. पदर सुटतात आणि आतून वाफ निघते. पिठात अंडं नाही ना, हे भाचीने आधीच विचारून घेतलं होतं. पाहुण्यांनीही विचारावं, कारण काही जण घालतात. ताईने डाळीबरोबर रोटी खाल्ली आणि त्या माणसाच्या हातांकडे बघत दुसरी मागवली.

भाऊजींना चौकोन आवडला. चारी कोन काटकोनात आहेत, असंही त्यांनी नमूद केलं. पण शेजारच्या टेबलावरचा एक कॉलेजकुमार "बांजिर" असं ओरडला आणि त्याच्यासमोर जी बशी आली ती पाहून भाऊजी अर्धवट उभे राहिले. रोटीचे तुकडे केलेले आणि त्यावर डाळ, मग माशाचं कालवण, मग सांबाल असं सगळं ओतलेलं. बांजिर म्हणजे पूर. "पूररेषेच्या आत बांधकाम," भाऊजी पुटपुटले आणि खाली बसले.

सोबत तेह तारिक हवाच. कडक चहात आटवलेलं गोड दूध घालून तो दोन मगांमधून हात लांब करून या हातातून त्या हातात ओततात. चहाची एक वीतभर नव्हे, हातभर लांब तार हवेत दिसते. त्याने चहा पिण्याजोगा निवतो आणि वर जाड फेस येतो. गोडी मात्र अशी, की आपल्याकडच्या लग्नातला चहा फिका म्हणावा. "कुरांग मानिस" म्हटलं की साखर कमी करतात, म्हणजे त्यांच्या मते कमी. पार्सल मागितलं तर चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून, दोरीचा फास मारून हातात देतात. ती पिशवी बोटाला लटकवून रस्त्याने हिंडायचं. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाची न्याहारीची संस्कृती आपल्या वारसायादीत घेतली, त्यात नासी लमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक या तिघांचा मान मोठा आहे. ताई म्हणाली, "म्हणजे आपण सकाळपासून वारसास्थळंच बघतोय की." त्या दिवशीचं संग्रहालय रद्द झालं.

शाकाहारी पाहुण्यांनी एका गोष्टीपासून जपावं: बलाचान. कोळंबीच्या जातीची बारीक मासळी मिठात मुरवून, वाटून, वाळवून केलेली ही वडी. भाजली की गल्लीच्या टोकाला कळतं. समोर निव्वळ हिरवी पालेभाजी दिसते, तुम्ही आनंदाने वाढून घेता, आणि तिची फोडणी याच वडीने झालेली असते. "नुसती भाजी द्या" म्हणून भागत नाही, कारण तिकडच्या हिशेबात ती नुसती भाजीच आहे. तसंच नुसतं "दागिंग" म्हटलं की ते बहुधा गोमांस असतं; कोंबडी हवी तर "आयाम" म्हणायचं. एवढे शब्द पाठ केले की आपापलं सोवळं सांभाळून माणूस पोटभर जेवू शकतो.

संध्याकाळी पासार मालम. हा रात्रीचा आठवडी बाजार. आज या वस्तीत, उद्या त्या. क्वालालंपूरच्या चेरास भागात दर बुधवारी भरणारा तर एवढा लांब, की एका टोकाला घेतलेली वस्तू दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पचते. धूर दिसेल तिकडे जावं, कारण तिथे साते असतं. हळद आणि गवती चहात मुरवलेले मांसाचे तुकडे काडीला ओवून निखाऱ्यावर धरतात; एका हाताने पंख्याने वारा घालायचा आणि दुसऱ्या हाताने गवती चहाच्या ठेचलेल्या दांड्याचा कुंचला करून तेल लावायचं. सोबत दाण्याची दाट चटणी, काकडी, कच्चा कांदा आणि दाबून चौकोनी कापलेला भात. क्वालालंपूरजवळचं काजांग हे गाव केवळ सातेच्या जिवावर नकाशावर आहे.

भाऊजींचं भाग्य उजळलं ते मिठाईच्या टेबलापाशी. कुएह म्हणतात त्या मऊ, ओलसर, बहुतेक तांदळाच्या आणि नारळाच्या दुधाच्या वड्या. त्यातली कुएह लापिस म्हणजे थरावर थर: गुलाबी, पांढरा, गुलाबी, पांढरा. एक थर वाफवून घट्ट झाला की मगच त्यावर पुढचा ओततात, म्हणून हद्दी सरळ रेषेत राहतात. तिकडची पोरं एकेक थर सोलून खातात. पोरांच्या घोळक्यात उभे राहून भाऊजीही थर सोलू लागले. प्रत्येक थर उजेडात धरून ते तपासत होते. "आता कळलं, या लोकांना आखणी येते. करत नाहीत, ही गोष्ट वेगळी." मी ओंदे-ओंदे घेतलं: पांदानने हिरवा झालेला, ओल्या खोबऱ्यात घोळवलेला गोळा. तो अख्खाच तोंडात टाकून ओठ मिटायचे असतात, कारण आत वितळलेला माडाचा गूळ असतो आणि दाताखाली तो फुटतो. ताईने ओठ मिटले नाहीत. समोर उभ्या असलेल्या एका सद्‌गृहस्थाने हसून रुमाल काढला. त्याला हा अनुभव नवा नसावा.

लक्सावर मात्र भाऊजींनी स्वतःहून अभ्यास केला. झालं असं, की आम्ही लक्सा म्हणजे काय हे विचारलं आणि भाचीने विचारलं, "कुठल्या राज्याचा?" पेनांगचा आसाम लक्सा म्हणजे चिंचेसारख्या आंबट फोडींचा, बांगड्याचा रस्सा, त्यात तांदळाच्या जाड शेवया, पुदिना, अननस, काकडी, कच्चा कांदा आणि रानटी आल्याच्या फुलाची कळी चिरून. वर चमचाभर काळी, गोडसर कोळंबीची चटणी. नारळाचं दूध त्यात औषधालाही नाही. कलांतानला गेलात तर तांदळाच्या उकडलेल्या पट्ट्यांची गुंडाळी आणि माशाचा पांढरा, नारळाच्या दुधाचा रस. सारावाकमध्ये मसाला वेगळा, रंग वेगळा. आणि जोहोरमध्ये शेवयांच्या जागी चक्क इटालियन स्पॅगेटी. तिथल्या सुलतान अबू बकरांनी एकोणिसाव्या शतकात युरोपात ती चाखली आणि परत आल्यावर लक्सात घालायला लावली, असं सांगतात. ती हाताने खायची रीत आहे.

भाऊजींनी खिशातली वही काढून राज्यवार तक्ता केला. सीमा ओलांडली की रस्सा बदलतो, ही गोष्ट त्यांना मनापासून पटली. "म्हणजे देशाच्या पातळीवर हद्दी पाळतात आणि ताटाच्या पातळीवर मोडतात. उलटं हवं होतं," असा शेरा त्यांनी तक्त्याखाली मारला.

हद्दीचा उल्लेख झाला आणि रेंडांग निघालं. मांस, नारळाचं दूध, गलांगल, गवती चहा, मिरच्या आणि भाजून, तेल सुटेपर्यंत वाटलेलं खोबरं असं सगळं तासन्‌तास शिजवत, आटवत न्यायचं. शेवटी रस्सा उरत नाही, तो मांसाच्या अंगाला चिकटतो. मूळ मिनांगकाबाऊ लोकांचं, म्हणजे सुमात्राकडचं. त्यांचेच वंशज मलेशियात नगरी सम्बिलानला वसले. त्यामुळे रेंडांग कुणाचं यावरून मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्यात बांधावरचं भांडण कायमचं. पण २०१८ साली ब्रिटनच्या 'मास्टरशेफ' कार्यक्रमात मलेशियात जन्मलेल्या एका बाईंनी नासी लमाक आणि कोंबडीचं रेंडांग केलं, आणि परीक्षकांनी कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही म्हणून नाक मुरडलं. बाई स्पर्धेतून बाहेर गेल्या. तासन्‌तास रसात शिजलेली कोंबडी कुरकुरीत कशी असेल, असं म्हणत मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर सगळे एका आवाजात उठले. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधानसुद्धा या वादात उतरले. भाऊजींनी ही हकिगत दोनदा सांगायला लावली. भावकीतला तंटा तिऱ्हाईताने तोंड घातलं की मिटतो, हे त्यांनी तालुक्यातालुक्यात पाहिलेलं होतं.

मग मलाक्का. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं. त्याच्या किल्ल्याची एक वेस अजून उभी आहे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं पार्थिव गोव्याला आणण्यापूर्वी काही महिने इथल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये होतं. या सगळ्याचा खाण्याशी संबंध असा, की टेकडी चढून उतरल्यावर चेंडोल फार गोड लागतं. किसलेल्या बर्फाचा डोंगर, त्यात पांदानच्या हिरव्या, लुसलुशीत शेवया, लाल घेवडा, नारळाचं दूध आणि वरून गुला मलाका, म्हणजे माडाच्या नीरेपासून केलेला, बांबूच्या नळीत ओतून पाडलेला गडद गूळ. त्याला किंचित धुराचा वास असतो. ताईने हे निर्धास्तपणे खाल्लं. भाऊजींनी बर्फ, दूध आणि गूळ वेगवेगळे चाखायचा प्रयत्न केला. पण तिथलं ऊन त्यांच्याहून कडक निघालं आणि अर्ध्या मिनिटात सगळं आपोआप एकत्र झालं. निसर्गाविरुद्ध अपील नसतं. दुकानात पुढे दोदोलच्या गुंडाळ्या दिसल्या. गोव्यात नाताळला जो चिकट, काळसर दोदोल करतात, त्याच नावाचा आणि त्याच चिवटपणाचा. दुकानदारीण नमुना म्हणून एक तुकडा देते, आणि तो दातांतून सुटेपर्यंत तुम्ही भाव विचारू शकत नाही. धंद्याची ही पद्धत मला आवडली.

भाऊजींची कसोटी लागली ती नासी करबूने. कलांतानकडचा हा भात निळा असतो. खाण्याचा रंग टाकून नव्हे, गोकर्णाच्या फुलांनी. ताटात मध्ये निळा भात आणि भोवती मासा किंवा कोंबडी, खारवलेलं अंडं, परतलेलं खोबरं, बारीक चिरलेला कच्चा पाला, मोड, कांदा, माशाच्या पिठाचा पापड, सारण भरलेली मिरची, आणि वाटीत बुडू नावाचं माशाचं आंबवलेलं पाणी. रंगांची अशी मांडणी, की भाऊजी भारावले. त्यांनी फोटो काढला. मग वाढणाऱ्या माक चिकने येऊन, कुणी काही म्हणायच्या आत, चमच्याने ते सगळं उलथंपालथं केलं, बुडू ओतलं आणि "माकान, माकान" म्हणत निघून गेली. निळ्या भाताचा करडा झाला. भाऊजी त्या ताटाकडे भूकंपग्रस्त गावाच्या पाहणीला आल्यासारखे बघत राहिले. शेवटी भूक मोठी. त्यांनी एक घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "चव आहे," ते म्हणाले. "पण पद्धत नाही."

डुरियनविषयी थोडक्यात. हॉटेलांच्या दारावर आणि रेल्वेत त्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली असते, एवढ्यावरून ओळख पटावी. हंगामात रस्त्याकडेला ढीग लागतात. विकणारा काटेरी फळ हातात फिरवतो, हुंगतो आणि सुरी घालतो. ताई वाऱ्याची दिशा बघून पलीकडच्या फुटपाथवर गेली. भाऊजींना मात्र फळ उघडल्यावर आत नीट आखलेले खण दिसले, प्रत्येकाला मजबूत भिंत, प्रत्येक खणात गऱ्यांची रांग. "हे फळ आमच्या खात्यातलं आहे," असं म्हणून त्यांनी ते एकट्याने संपवलं. त्या रात्री त्यांची झोपायची जागा आम्ही गॅलरीत मोजून दिली.

परतीच्या आधी पेनांग गाठलं आणि तिथे नासी कांदार. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावरच्या कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवणं घेऊन बंदरावरच्या मजुरांना विकायचे. आता कावड गेली, काच आली. काचेमागे पातेल्यांची रांग: तळलेली कोंबडी, माकूल, माशाची गाभोळी, कोबी, भेंडी, अंडी. काय हवं ते दाखवायचं. भाऊजींनी भाचीकरवी स्पष्ट निरोप दिला: सगळं वेगवेगळं, रस्सा बाजूला. वाढणाऱ्याने मान डोलावली, भातावर कोंबडी ठेवली, अंडं ठेवलं, दोन भेंड्या ठेवल्या आणि मग डाव हातात घेऊन या पातेल्यातला रस्सा, त्या पातेल्यातला रस्सा, तिसऱ्यातला, चौथ्यातला असा सगळा वरून सोडला. अंडं बुडालं. भेंडी दिसेनाशी झाली. भात हे बेट उरलं.

भाऊजी काही बोलणार, तेवढ्यात चिठ्ठ्यांचं पुडकं घेतलेला एक पोरगा टेबलापाशी आला. त्याने ताटाकडे एकदाच पाहिलं, चालता चालता, चिठ्ठीवर आकडा लिहिला, ती पेल्याखाली सरकवली आणि पुढच्या टेबलाकडे वळला.

"थांब," भाऊजी म्हणाले. मराठीत. पोरगा थांबला. खात्यातल्या माणसाचा आवाज कुठल्याही देशात ओळखू येतो. "याला विचार, कशाच्या आधारावर आकडा काढला?" भाचीने विचारलं. पोराने बोटाने हवेत खुणा करत सांगितलं: नासी, आयाम, तलुर एक, बेंडी दोन. शेवटच्या शब्दाला दुभाषी लागला नाही. भाऊजींनी काट्याने रस्सा बाजूला सारून पाहणी केली. अंडं एक. भेंडी दोन.

ते बराच वेळ त्या पोराच्या पाठीकडे बघत राहिले. "साखळी नाही, टेबल नाही, क्षेत्र पुराखाली, आणि चालता चालता मोजणी! हा मुलगा आमच्याकडे असता तर जिल्ह्यातली सगळी तुंबलेली प्रकरणं दिवाळीआधी निकाली निघाली असती." मग त्यांनी बाह्या मागे सारल्या. "नोंद झाली आहे. नोंद झाल्यावर बांध राहिला काय आणि गेला काय, हिस्सा बुडत नाही." आणि उजव्या हाताने त्यांनी ते ताट या कडेपासून त्या कडेपर्यंत असं कालवलं, की ताईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

दुसरं ताट त्यांनी स्वतः जाऊन आणलं आणि स्वतःच "बांजिर" म्हणाले. टेबलाशी येताना त्यांनी दोन्ही भेंड्या बोटाने भाताच्या तळाशी ढकलल्या, वरून भात सारखा केला आणि हाताची घडी घालून बसले. पोरगा आला, एकदा ताटाकडे आणि एकदा भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठीवर पहिल्या वेळचाच आकडा लिहिला. भेंड्यांसकट.